सासूबाईंच्या लघवीच्या पिशवीत इंजेक्शन: घ्यावं की थांबावं?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून लघवीची इतकी घाई होते की अंगणातल्या संडासापर्यंत पोचेस्तोवर लुगडं ओलं होतं. रात्री चार-पाच वेळा उठतात. शुगरच्या गोळ्या सुरू आहेत. लघवीसाठी दिलेली गोळी मे महिन्यात घेतली, तोंड कोरडं पडतं म्हणून सोडली. आता नागपूरच्या डॉक्टरांनी मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. ते विष असतं, लघवी कायमची बंद होते, असं लोक सांगतात. घ्यावं का?

उत्तर: ताई, इंजेक्शन चांगलं आहे आणि लघवी कायमची बंद होत नाही. पण तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींवर मी अडखळलो: शुगरच्या गोळ्या, आणि लघवीची गोळी मे महिन्यात घेऊन सोडलेली. या दोन्हींचा निकाल लागल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही. घेतलीच तर सुईच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या पंधरा दिवसांचं आधी विचारेन. कोण सोबत असेल, परत कसे याल, लघवी अडली तर काय कराल? वीस-बावीस वर्षं विदर्भातच मूत्ररोगाचं काम करतोय. या इंजेक्शनात आमच्याकडे जे बिघडतं ते टेबलावर बिघडत नाही, गावी गेल्यावर बिघडतं.

आधी एक घोळ मिटवतो, कारण तो दर ओपीडीत होतो. 'पिशवीत इंजेक्शन' म्हटलं की बाया गर्भपिशवी समजतात. एका आजीने मला तोंडावर विचारलं होतं, "पिशवी त माही धा वर्साअगोदरच काढली जी, आता सुई कुठी देता?" ही पिशवी वेगळी, लघवीची. गर्भपिशवी काढलेली असो वा नसो, ती जागेवरच असते. निरोगी बाईच्या या पिशवीत ३०० ते ५०० मिली लघवी आरामात मावते आणि भरेपर्यंत ती गप्प बसते. सासूबाईंची पिशवी अर्धीही भरण्याआधी आवळायला लागते. हुकूम नसताना ती आवळते, म्हणून घाई, आणि जोरात आवळली की गळती. आम्ही याला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतो.

आता सासूबाईंना एकच प्रश्न विचारा: खोकताना, शिंकताना, पाण्याचा गुंड उचलताना गळते, की आधी घाई होते आणि मग गळते? खोकल्यासरशी गळत असेल तर तो खालच्या स्नायूंचा ढिलेपणा असतो. त्याला हे इंजेक्शन लागू पडत नाही, त्याचा इलाज निराळा. काही बायांना दोन्ही असतं, तेव्हा जास्त त्रास कशाचा तेवढं ठरवावं लागतं. तुमच्या वर्णनावरून घाईचंच दुखणं दिसतं, तरी विचारून घ्या. 'अंग बाहेर येतं' का, हेही विचारा. सासूला सुनेने हे विचारणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. नणंद असेल तर तिच्याकडून विचारा.

शुगरचं आधी यासाठी काढलं की रक्तातली साखर वाढली की लघवी मुळातच जास्त तयार होते. पिशवीचा काही दोष नसतो, तिच्यावर माल जास्त येत असतो. त्यात गेल्या काही वर्षांत शुगरच्या ज्या नव्या गोळ्या निघाल्या, डापाग्लिफ्लोझिन आणि तिच्या बहिणी, त्यांचं कामच लघवीवाटे साखर बाहेर काढायचं. साखरेबरोबर पाणीही जातं. या गोळ्या आता स्वस्त झाल्यात, तालुक्याच्या दुकानातही मिळतात. हृदयाला आणि किडनीला त्या चांगल्या आहेत, म्हणून मनाने बंद करू नका. पण चिठ्ठीवर 'ग्लिफ्लोझिन' असं काही दिसलं तर लघवीच्या डॉक्टरांना दाखवा. बीपीसाठी पाणी काढायची गोळी असेल तर तीही, आणि ती संध्याकाळी घेत असतील तर रात्रीच्या चार फेऱ्यांचं अर्धं उत्तर तिथेच असू शकतं. इंजेक्शनसाठी पाठवलेल्या बाईची शुगरची गोळी बदलून आणि साखर ताब्यात आणून फेऱ्या निम्म्यावर आल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू उगवून बघायची तपासणी), पोटाची सोनोग्राफी आणि लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते त्याचं माप, एवढं झालं नसेल तर इंजेक्शनची गोष्ट पुढे नेऊ नका. मुतखडा आमच्या उन्हात घरोघरी आहे, खाली उतरलेला खडा अशीच घाई करतो. लघवीत पू दिसतो पण साध्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाही, असा रिपोर्ट आला तर क्षयाचा विचार करायलाच हवा. क्षयाने पिशवी आखडून जेमतेम १०० मिलीची होते आणि बाई वर्षभर 'इन्फेक्शन'च्या गोळ्या खात राहते. लघवीत रक्त जात असेल तर दुर्बिणीने आतून बघितल्याशिवाय काहीच नाही.

यानंतर मी हरभऱ्याची वाटी काढतो. मोठ्या दवाखान्यात 'ब्लॅडर डायरी'चा छापील कागद देतात, वेळ लिहा, मिली लिहा. सासूबाईंना लिहिता येत नसेल, चष्मा सापडत नसेल, तर तो कागद कोराच परत येतो. म्हणून मी दोन वाट्या ठेवायला सांगतो, संडासाच्या वाटेवर, दिवळीत. लघवीला जाऊन आलं की पहिल्या वाटीत एक हरभरा. कपड्यात गळली की दुसऱ्या वाटीत तुरीचा एक दाणा. सूर्य मावळला की वाट्या बदलायच्या, म्हणजे दिवसाचे दाणे वेगळे, रात्रीचे वेगळे. तीन दिवस. माप घ्यायला मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग कोणत्याही दुकानात मिळतो, नुसत्या एका दिवसाचं माप पुरे. एका बाईचे २४ तासांत २२ हरभरे निघाले आणि मापाचा मग दर वेळी भरलेला. म्हणजे ती पाणीच अफाट पीत होती, कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. तिला इंजेक्शन दिलं असतं तर पाप लागलं असतं.

उलटंही होतं, आणि आमच्या भागात ते जास्त. वावरात आडोसा नसतो. कापूस वेचायला सकाळी गेलेली बाई संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर काढते, कारण धुऱ्याच्या आड जायची लाज आणि सापाची भीती. लघवी घट्ट पिवळी होते आणि ती घट्ट लघवीच पिशवीला डिवचते. पाणी कमी केल्याने घाई कमी होत नाही. दिवसा थोडं थोडं प्यावं, संध्याकाळी सातनंतर हात आखडावा. चहा मात्र कमी करा. तुमच्याकडे सकाळपासून किती कप होतात ते मोजलं तर तुम्हीच हसाल. सासूबाई तंबाखू किंवा खर्रा खात असतील तर ती बातमीही डॉक्टरांपासून लपवू नका.

आता त्या सोडलेल्या गोळीबद्दल. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन यांपैकी काहीतरी असणार. या सगळ्या तोंड कोरडं करतात, पोट बांधून ठेवतात. मे महिन्यात, ४५ अंशांत, अशी गोळी सुरू करणं म्हणजे तिला नापास करायचं ठरवूनच परीक्षेला बसवणं. गुण पूर्ण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधीच तोंडाची लाकडं होतात. दोष सासूबाईंचा नाही. दुसऱ्या जातीची एक गोळी आहे, मिराबेग्रॉन. तिने तोंड तितकं कोरडं पडत नाही, पण बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी मोजून द्यावी लागते. ती करून बघितली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वय झालेल्या माणसाला पहिल्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं देऊ नयेत, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर अंगात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम घाईला बऱ्यापैकी मदत करतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण लावायचं कुठे ते सांगायची सगळ्यांना लाज.

गोळी की सुई, याची समोरासमोर तुलना झालेली आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे अडीचशे बायांवरचा एक अभ्यास छापून आला. एका गटाला रोजची गोळी, दुसऱ्याला एकदा १०० युनिट बोटॉक्स. दिवसातली गळती दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली, सरासरी सव्वातीन-साडेतीन वेळांनी. पूर्ण कोरड्या राहिलेल्या बाया मात्र सुईच्या गटात दुप्पट, २७ टक्के विरुद्ध १३ टक्के. त्याची किंमतही होती: लघवीचं इन्फेक्शन सुईवाल्यांत ३३ टक्के, गोळीवाल्यांत १३. हे आकडे बघून माझं मत असं झालं की ज्या बाईने गोळी नीट, योग्य ऋतूत घेऊनच पाहिली नाही, तिला सुईची घाई करू नये. आणि जिला दोन गोळ्या सोसल्या नाहीत किंवा लागू पडल्या नाहीत, तिला तिसऱ्या गोळीच्या मागे वर्षभर फिरवू नये.

गोळीच्या जोडीला पिशवीला वळण लावायचं असतं. घाई आली की पळायचं नाही. पळालं की गळतंच. जागीच थांबायचं, शक्य असेल तर टेकायचं, आणि वारा अडवताना जो स्नायू आत ओढतो तो पाच-सहा वेळा झटपट आवळायचा. घाईची लाट येते तशी ओसरते. ओसरली की चालत जायचं. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. सहा आठवडे हे केलं तर काही बायांना पुढचं काहीच लागत नाही. रात्रीसाठी खाटेजवळ झाकणाची बादली ठेवा. गुडघे दुखणाऱ्या बाईला अंधारात अंगणाच्या टोकाला पाठवणं हा उपचार नव्हे. एखादी पडून खुबा मोडून घेते, मग लघवी राहते बाजूला.

हे सगळं करूनही वाटीत तुरीचे दाणे तेवढेच राहिले, तर इंजेक्शन. लोक म्हणतात ते खोटं नाही, हे विषच आहे. खराब झालेल्या डबाबंद मांसात वाढणाऱ्या जंतूचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांची टिपणं ठेवली आणि असंही सुचवलं की अगदी थोड्या मात्रेत हे औषध होऊ शकेल. औषध व्हायला १९८० च्या आसपासचा काळ उजाडला, तेही तिरळ्या डोळ्यांसाठी. मूत्राशयाच्या या दुखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ च्या जानेवारीत मान्यता दिली. चेहऱ्यावर मारतात तेच हे औषध. काम एकच: नस स्नायूला 'आवळ' असा निरोप देते तो निरोप निघूच द्यायचा नाही. पिशवीच्या स्नायूत थोडं थोडं टोचलं की तिचा आडमुठेपणा उतरतो.

करतात कसं, ते सांगतो म्हणजे सासूबाई रात्रभर जागणार नाहीत. चिरा नाही, टाके नाहीत. बहुतेक जणींना भूलही द्यावी लागत नाही. पिशवीत बधिर करणारं औषध सोडून वीस-तीस मिनिटं थांबतात. मग लघवीच्या मार्गाने दुर्बीण आत जाते. बाईचा हा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे पुरुषांइतका त्रास होत नाही. १०० युनिट औषध १० मिली सलाइनमध्ये विरघळवलेलं असतं, ते अर्धा-अर्धा मिली करत २० ठिकाणी, एकेका सेंटिमीटरच्या अंतराने टोचतात. सुई स्नायूत दोन मिलिमीटर जाते. पडद्यावर बघाल तर भाताच्या रोवणीसारखं दिसतं, ओळीत एकेक रोप. आमचा भंडाऱ्याकडचा एक कंपाउंडर त्याला रोवणीच म्हणायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. नंतर पिशवीत पाणी ठेवून स्वतःहून लघवी होते का बघतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. एक-दोन दिवस लघवी गुलाबीसर येईल, घाबरू नका.

गुण त्याच दिवशी येत नाही. चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही. टिकतो साधारण सहा महिने, कोणाला नऊ, मग हळूहळू घाई परत येते आणि पुन्हा टोचावं लागतं. दोन इंजेक्शनांत किमान तीन महिन्यांचं अंतर हवं. म्हणजे कायमचं काहीच नाही, गुणही नाही आणि अवगुणही नाही.

अवगुण म्हणजे लघवी अडणं. औषध जरा जास्त लागू पडलं तर पिशवी आवळायचीच विसरते, पूर्ण रिकामी होत नाही. कंपनीच्या मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत हे शंभरात सहा-सात जणींना झालं. शुगर असलेल्यांना मात्र शंभरात बारा जणींना. सासूबाई दुसऱ्या गटात बसतात, हे समोर ठेवूनच ठरवा. अडली तर दिवसातून दोन-चार वेळा बारीक नळी घालून स्वतः पिशवी रिकामी करावी लागते, काही आठवडे, पिशवी जागी होईपर्यंत. उकळून गार केलेलं पाणी, साबणाने धुतलेले हात आणि एक लहान आरसा एवढं पुरतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण शिकायला तीन खेपा लागतात.

हे मी माझी चूक सांगूनच पटवतो. सुरुवातीच्या वर्षांत झरी-जामणीकडच्या एका बाईंना मी इंजेक्शन दिलं. सगळं ठीक झालं. नळी शिकवली नाही. शंभरात सहा जणी, यांना कशाला होईल, असं माझ्या मनाने घेतलं. नवव्या दिवशी लघवी थेंब-थेंब व्हायला लागली. त्यांना वाटलं, गुण आला, लघवी कमी झाली. घरच्यांनाही आनंद झाला. बाराव्या दिवशी ओटीपोट दगडासारखं झालं, ताप चढला, तेव्हा भाड्याच्या गाडीतून आल्या. नळी घातली तर ११०० मिली लघवी निघाली. वाचल्या, महिनाभराने पिशवीही चालू झाली, पण पुन्हा इंजेक्शनला आल्या नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: नळी स्वतः किंवा घरातल्या कोणाला घालता आल्याचं माझ्या नर्सला दाखवल्याशिवाय इंजेक्शनची तारीख मिळत नाही. बाई रागावल्या तरी चालेल. तुमच्या घरी हे काम बहुधा तुमच्याकडेच येईल, ताई, तेव्हा शिकताना तुम्ही समोर असा.

इन्फेक्शनची भीती शुगरवाल्यांना जास्तच. लघवीत आधीच जंतू असतील तर इंजेक्शन पुढे ढकलतात. प्रतिजैविकं इंजेक्शनच्या आधीपासून देऊन पुढे दोन-तीन दिवस चालू ठेवतात. एक गोष्ट चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या. नंतर ताप आला आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर 'बोटॉक्स झालंय' हे आधी सांगा, कारण जेंटामायसिन, अमिकासिन ही आपल्याकडे सर्रास टोचली जाणारी इंजेक्शनं या औषधाचा परिणाम वाढवू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे इंजेक्शन नकोच.

औषधाची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. नागपुरातून थर्मासच्या डब्यात बर्फ घालून स्वतः औषध आणायला सांगणारा कोणी भेटला तर उन्हाळ्यात ते टाळा, दवाखान्यानेच मागवलेलं बरं. बाजारात एकाहून जास्त कंपन्यांचं मिळतं आणि एकीचे १०० युनिट म्हणजे दुसरीचे १०० युनिट नव्हेत. डिस्चार्ज कार्डावर नाव आणि युनिट लिहून मागा, सहा महिन्यांनी तेच लागेल. खर्चात बाटलीचा वाटा मोठा असतो. दर वेळी तो पुन्हा येणार, म्हणून एका इंजेक्शनचा नाही तर वर्षाचा हिशोब विचारा. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल आणि एम्स, इथे विचारून बघा, आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून आधी कळून घ्या, पैसे भरल्यावर नव्हे.

सासूबाईंसाठी मी असं करीन. आता साखरेची चिठ्ठी तपासून घ्या, तीन दिवस वाट्या ठेवा, मलम आणि मिराबेग्रॉनबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, पिशवीचं वळण सुरू करा. सहा आठवड्यांनी पुन्हा हरभरे मोजा. तरीही इंजेक्शन लागलंच, तर तारीख अशी धरा की पुढचे पंधरा दिवस घरात कापूस वेचणी नसेल, तुम्ही मोकळ्या असाल. दोन आठवड्यांनी तपासणीला परत यायचंच आहे, लघवीनंतर किती उरते ते सोनोग्राफीवर बघायला, बरं वाटत असलं तरी. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ती सबब चालणार नाही. कळंब, देवळी, वर्धा या स्टँडांवर उतरून लघवीला जायला सासूबाईंना लाजू देऊ नका, कंडक्टरला गाडीत चढतानाच सांगून ठेवा. आणि त्या पंधरा दिवसांत लघवी एकदम फारच कमी झाली, धार बारीक झाली, ओटीपोट ताठलं, तर त्याला गुण समजू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, नळी घालता येईल अशा जवळच्या दवाखान्यात न्या.